सहांतल्या दोन

कॅलिफोर्नियातले मर्ल विल्यम्स आणि त्यांची रेडलँड्समधली मार्केटियर कंपनी यांनी 1951 च्या सुमारास विजेवर चालणारी गोल्फ कार्ट बाजारात आणली, तेव्हा त्या गाडीकडून अपेक्षा फार माफक होती. दोन माणसं आणि त्यांच्या स्टिक्सच्या बॅगा अठरा होल्स फिरवायच्या आणि दिवस मावळायच्या आत शेडमध्ये परत आणायच्या. अंधारात गोल्फ कोणी खेळत नाही, म्हणून दिवा नव्हता. मैदानावर हॉर्न वाजवणं तर असभ्यपणाच. मोटर फिरवायची एवढंच बॅटरीचं काम.

त्या बॅटरीची कहाणीही कॅलिफोर्नियातलीच. 1925 पासून बॅटऱ्या बनवणाऱ्या ट्रोजन कंपनीने 1952 मध्ये ऑटोएट नावाच्या छोट्या गाडीसाठी खास बॅटरी तयार केली. मोटारीच्या बॅटरीला क्षणभर जोराचा झटका देऊन इंजिन सुरू करायचं असतं. इथे तासन् तास संथपणे वीज देत राहायची होती. त्यासाठी आतल्या शिशाच्या प्लेट्स जाड हव्यात, आणि शिसं म्हणजे वजन. सहा व्होल्टची एक बॅटरीच 28 किलोच्या आसपास भरते. एकट्या माणसाने उचलायची तर याहून जड परवडत नाही. अशा सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की छत्तीस व्होल्ट होतात. पुढची कित्येक वर्षं गोल्फ कार्ट म्हणजे छत्तीस व्होल्ट हेच समीकरण राहिलं.

नेमक्या याच काळात अमेरिकन मोटारी सहा व्होल्ट सोडून बाराकडे चालल्या होत्या. मोठ्या इंजिनांना फिरवायला सहा व्होल्टचा स्टार्टर पुरा पडेना. 1950 चं दशक अर्ध्यावर आलं तोवर बहुतेक नव्या गाड्या बारावर गेल्या आणि त्यांच्यामागून सगळा बाजारच गेला. बल्ब, हॉर्न, रेडिओ, वायपर, पंखे, सारं बारा व्होल्टचं. कार्टच्या मालकाला दुकानात जे जे आवडे, ते त्याच्या गाडीला चालण्यासारखं नसे.

हा तिढा जाणवू लागला तो कार्ट मैदानाबाहेर पडल्यावर. 1 जानेवारी 1960 रोजी ॲरिझोनात निवृत्तांसाठी सन सिटी ही वसाहत खुली झाली. तिथले आजोबा कार्ट घेऊन गोल्फला जात, तसेच भाजी आणायलाही जाऊ लागले. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर पुढे कार्टसाठी वेगळ्या वाटांचं जाळंच विणलं गेलं. आज ते दीडशे किलोमीटरहून जास्त आहे आणि शाळकरी पोरंही त्यावरून कार्ट हाकत शाळेत जातात. गावात राहणारी गाडी रात्री बाहेर पडणारच. तिला दिवे हवेत, मग रेडिओही हवा.

मेकॅनिकने बोटांवर हिशेब केला. सहा आणि सहा बारा. सहांतल्या दोन बॅटऱ्यांवरून दोन तारा काढल्या, हेडलाइट लागले, खर्च जवळपास शून्य. युक्ती इतकी सोपी होती की ती जिथे तिथे केली गेली.

तिची किंमत काही महिन्यांनी कळे. 55 वॉटचे दोन हॅलोजन दिवे बारा व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर ओढतात. हा भार फक्त दोघींवर. दिवसभर सहाही बैल नांगराला आणि संध्याकाळी त्यांतलीच एक जोडी मोटेला, वैरण मात्र सर्वांना सारखी, अशातला हा प्रकार. चार्जर छत्तीस व्होल्टच्या दोन टोकांना लागतो आणि सहाही बॅटऱ्यांमधून एकच करंट जातो. चौघी भरत आल्या की एकूण व्होल्टेज चढतं, चार्जरला काम संपल्यासारखं वाटतं, आणि त्या दोघी रोज थोड्या उपाशी राहतात. उपाशी शिशावर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. चार्जर जास्त वेळ चालवावा तर उरलेल्या चौघींतलं पाणी उकळून जातं. काही हुशार मालक दर काही महिन्यांनी बॅटऱ्यांच्या जागा बदलत. हा काही इलाज नव्हे, दुखणं सहांत वाटून देण्याचा प्रकार.

असमान भाराचा प्रश्न तसा एडिसनच्या काळापासूनचा. 1883 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सनबरीला त्याने तीन तारांची वीजव्यवस्था सुरू केली, तेव्हाही मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना दिवे सारखे वाटावे लागत. पण डायनामोवरचा विषम भार दिवे मालवले की संपतो. बॅटरीत तो साठत जातो.

शिवाय बॉडी अर्थची भानगड होती. मोटारीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली असते आणि मोटारीचा रेडिओ तेच गृहीत धरून बनवलेला असतो. कार्टची चासी साधारणपणे कशालाच जोडलेली नसते. दिवे एका जोडीवरून, रेडिओ दुसऱ्या जोडीवरून, आणि दोन्ही चासीला टेकलेले, अशी जोडणी झाली की पॅकमधल्या दोन वेगळ्या जागा लोखंडातून एकमेकींना भेटत आणि तारा जळत.

1990 च्या दशकात 48 व्होल्टच्या कार्ट आल्या आणि बोटांवरचा हिशेबच मोडला. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या: एकीवर दिवा मिणमिणतो, दोघींवर सोळा व्होल्ट येऊन बल्ब लवकर उडतो. बाजाराने लगेच सोळाचे बारा करणारे रिड्यूसर काढले, म्हणजे मूळ चूक कायम ठेवून वर खर्च वाढवला. मग 17 जून 1998 रोजी अमेरिकेच्या संघ सरकारने ताशी 20 ते 25 मैल वेगाच्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठरवला आणि त्यांना हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, सीटबेल्ट सक्तीचे केले. या वर्गात बसू पाहणाऱ्या कार्टला दिवे ही चैन उरली नाही.

खरा उपाय डीसी-डीसी कन्व्हर्टरचा. साध्या रेझिस्टरने छत्तीसचे बारा करायचे तर दोन तृतीयांश वीज उष्णता होऊन जाते. विजेचे बारीक तुकडे पाडून व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर ही नासाडी टाळतो, आणि तो पॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेला असल्याने सगळ्या बॅटऱ्यांकडून सारखंच घेतो. तेच हॅलोजन दिवे आता प्रत्येकीकडून साडेतीन अँपिअरच्या आसपास मागतात. एलईडी आल्यावर तर अगदीच थोडे.

लिथियमचा पॅक एकाच बंद पेटीत येतो, त्यामुळे तिथे मधूनच तार काढायला जागाच उरत नाही. आपल्याकडच्या शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या ई-रिक्षांत मात्र मोह अधिकच मोठा. 2014 मध्ये केंद्राच्या नियमांत या रिक्षांना जागा मिळाली. त्यांत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून 48 व्होल्ट केलेले असतात. तिथे सहा आणि सहा अशी बेरीजसुद्धा करावी लागत नाही. कन्व्हर्टरचे पैसे वाचवायला म्युझिक सिस्टिम थेट एकाच बॅटरीवर टाकली, की चौघींत आधी तीच बसते, आणि तीन जुन्यांत एक नवी घालून चालत नाही म्हणून सगळा संच बदलावा लागतो.