दुसरी सुई

इन्सुलिनची सुई म्हणजे अखेरचा उपाय, असे आजही घरोघरी ऐकू येते. अशा वेळी मला टोरांटोचा लेनर्ड थॉम्पसन आठवतो. त्या काळी मधुमेही मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस ढकलावे लागत. लेनर्ड असाच अस्थिपंजर झाला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग-बेस्ट यांनी गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क त्याला टोचण्यात आला. साखर थोडीफार उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले. मग कॉलिपने तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा सुई दिली, तेव्हा साखर झपाट्याने उतरली आणि पोराला हुशारी आली. पुढे तो १३ वर्षे जगला. वाचकहो, घरात कुणी सुईला भीत असेल, तर ही हकिगत त्याला अवश्य सांगा.