भरतीला झडप कोण बघतं? नवी मुंबईच्या पाण्याची जुनी गोष्ट

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीसमोरच्या होल्डिंग पाँडवरून दोन शेजाऱ्यांचं असं जुंपलं की वॉचमनला मध्ये पडावं लागलं. एकजण तळमजल्यावर राहतो. दर जुलैत फ्रीज विटांवर चढवून ठेवतो बिचारा. त्याचं म्हणणं, तलावात गाळ आणि झाडी माजली आहे, जेसीबी लावा आणि साफ करा. दुसरे निवृत्त शिक्षक, रोज सकाळी दुर्बीण घेऊन पक्षी मोजतात. ते म्हणाले, तिवराची एक फांदी तोडलीत तर थेट तक्रार करतो, कोर्टाचा आदेश आहे.

दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना.

माझे वडील बाकावर बसून ऐकत होते. जन्म 1950 चा, गाव करावे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भरतीला झडप कोन बघतं?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. सेक्रेटरी म्हणाले बहुतेक महापालिका, कोणी म्हणालं सिडको, शिक्षक म्हणाले वन विभागाला विचारू. बाबा हसले आणि घरी निघून गेले. त्यांच्या त्या हसण्यामुळे ही पोस्ट लिहायला घेतली. लांब आहे, सवडीने वाचा.

आज जिथे आपले टॉवर, मॉल, पाम बीच रोड आहे, तो पट्टा म्हणजे खार, खाजण, मिठागरं आणि तिवरं. यातली खार ही फुकट मिळालेली जमीन नव्हे, ती खाडीकडून मागून घेतलेली जमीन. चिखल-मातीचा, दगडाचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं. पावसाच्या पाण्याने जमिनीतला खारटपणा धुवून काढायचा. दोन-चार पावसाळे गेले की मग तिथे खारं भात होतं. राता, म्हणजे लालसर दाण्याचं भात, ते या मातीचं. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या भाताच्या जाती तिथून आल्या. आपल्या गावाचं नाव असलेलं भात आहे, आणि पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये तासन्तास अडकलेल्या आपल्यापैकी कितीजणांना ते ठाऊक आहे?

बांधातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे उघाडी. पाणी जाण्या-येण्याचं दार. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं, भरती लागली की बंद करायचं. ऐकायला सोपं, पण भरती काही ऑफिस टायमिंग बघत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री दोन वाजताही कोणीतरी तिथे हजर लागतो. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी गावकीने माणूस ठरवलेला असायचा आणि त्याला घरटी भात मिळायचं. बांधाला खांड पडली की दवंडी, आणि घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन हजर. न आलेल्याला दंड. आज्याचं एक वाक्य घरात अजून चालतं, "बांद फुटला त गाव फुटला."

आता इथे गुलाबी चित्र रंगवायचं नाही मला. गावकी म्हणजे काही स्वर्ग नव्हता. बायकांना तिथे बसायला जागा नव्हती, कुळाने चिखल उपसायचा आणि भात सावकाराच्या कणगीत जायचं, हेही त्याच बांधावर घडलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून सहा वर्षं शेतं कसायची नाकारली, ती खोतांविरुद्धच. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. पाणी घुसलं तर कोणाला जाब विचारायचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

गोव्यातही हीच रीत. तिथे खाजण, उघाडीला 'मानस' म्हणतात आणि गांवकरी बांध सांभाळायची. मानशीवरच्या मासेमारीचा दरसाल लिलाव व्हायचा, त्या पैशातून डागडुजी. म्हणजे दार सांभाळायचा खर्च दारातूनच निघायचा. हुशार लोक!

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये मुंबई खारभूमी कायदा आला, पुढे 1979 मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा. सरकारने बांध हातात घेतले. गावाच्या ऐपतीबाहेरचे मोठे बांध त्यामुळे झाले, हे कबूल. पण फुटलेल्या बांधाला आधी दवंडी लागायची, तिथे आता अर्ज लागू लागला.

मग आली नवी मुंबई. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकातून कल्पना मांडली की मुंबईला उत्तरेकडे ताणत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. 344 चौरस किलोमीटर क्षेत्र, ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावं. दोन वास्तुरचनाकार आणि एक इंजिनीअर एक विचार मांडतात आणि पाच वर्षांत सरकार तो उचलतं, असं आपल्याकडे क्वचितच होतं. त्याबद्दल मला खरंच आदर आहे. कोरिया आणि पटेल दोघांनी पुढे सिडकोत कामही केलं.

पण शहर उभं करायचं तर या सखल जमिनीत पावसाचं पाणी जाणार कुठे? भरती आणि मुसळधार एकत्र आली की नाल्याचं तोंडच बंद. त्यावरचा उपाय म्हणजे होल्डिंग पाँड. खाडीच्या तोंडावर तलाव, त्याला झडपा. भरतीत खाडीच्या दाबाने झडप बंद, शहराचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि तलाव आपोआप रिकामा. ना पंप, ना वीज. हे डच तंत्र आहे असं आपल्याकडे सगळे सांगतात.

मी हे बाबांना समजावून सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे उघाडीच ना रं?"

हो, उघाडीच! फक्त मोठी आणि काँक्रीटची.

आणि इथेच मला वाटतं आपली गडबड झाली. हॉलंडमध्ये तेराव्या शतकापासून पाणी मंडळं आहेत. आजही 21 आहेत. नगरपालिकेपेक्षा वेगळी, स्वतःची निवडणूक, स्वतःचा कर, काम एकच: बांध, कालवे आणि पाणी. तलाव रिकामा झाला नाही तर कोणाचं दार ठोठवायचं ते तिथल्या माणसाला माहीत असतं. आपण डचांचा तलाव आणला, मंडळ तिथेच ठेवून आलो. आणि आपलं जे देशी मंडळ होतं, म्हणजे गावकी, ते भूसंपादनात गेलं. जमीन गेली तशी बांध बघायची जबाबदारीही गेली.

दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा लढा आपल्याला माहीत आहे. 16 आणि 17 जानेवारी 1984, जासई-दास्तान फाटा, पाच हुतात्मे. साडेबारा टक्के त्यातूनच आलं. भाव, भूखंड, नोकऱ्या यांवर तो लढा झाला आणि व्हायलाच हवा होता. चूल पेटायचा प्रश्न असताना उघाडीकडे बघायला कोणाला फुरसत असणार?

1992 पासून महापालिका आली. तलाव एकाकडून दुसऱ्याकडे गेले. वर्षानुवर्षं गाळ साचला. झडप नीट मिटत नसेल तर खाडीचं पाणी आत येतं, पाण्याबरोबर तिवराचं बी येतं, आणि तिवर मग परवानगी मागत नाही. उगवतं.

दरम्यान देशात हवा बदलत होती. 1991 ला किनारा नियमन अधिसूचना आली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला आणि तिवरं म्हणजे नुसती घाण नव्हे हे मुंबईकरांच्या गळी उतरलं. त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला चाप लावला, 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामही थांबवलं. 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ऑगस्ट 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, 1690 हेक्टर. सप्टेंबर 2018 मध्ये न्यायालयाचा अंतिम निकाल आला: मोठ्या सार्वजनिक हिताचं कारण आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय कांदळवनाला हात लावायचा नाही. 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी जागा.

म्हणजे आमच्या शिक्षकांच्या मागे सबंध उच्च न्यायालय उभं आहे. आणि तळमजल्याच्या मागे? त्याचा फ्रीज.

2018 च्या निकालातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कांदळवनांवर देखरेखीसाठी जी समिती झाली, तिचे अध्यक्ष कोकण विभागीय आयुक्त. म्हणजे बेलापूरचं कोकण भवन, आपल्या रोजच्या रस्त्यावरचं. महसूल, वन, पोलीस, महापालिका, सिडको यांनी एका टेबलाशी बसायचं, अशी ती रचना. कागदावर ही या खाडीची नवी गावकीच म्हणा. फरक एवढाच की जुनी गावकी रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर जायची.

मी थट्टा करतोय असं समजू नका. एकत्र बसल्याने काम होतं, हे आपण नेरुळला पाहिलं. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याचा मार्ग बुजला, तलाव आटत गेला, फ्लेमिंगो मेले. 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून चौकाचौकात गुलाबी पुतळे उभारणाऱ्या शहरात खरे पक्षी मेले. नागरिक रस्त्यावर आले, सरकारने समिती नेमली, आणि 2025 मध्ये त्या 30 एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. तेव्हाचे वनमंत्री गणेश नाईक, म्हणजे इथलेच. नेत्याचं घर आणि प्रश्न एकाच पिनकोडात असला की फाइल जरा लवकर हलते, हा आपला अनुभव.

पण बघा, तिथेही मूळ दुखणं दाराचंच होतं. पाण्याचं येणं-जाणं. पाटी 'राखीव'ची लावा नाहीतर 'होल्डिंग'ची, दार बघणारा नसेल तर पक्षी तहानेने मरतील आणि तळमजला पाण्याने.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती कमी गाजलेल्या एका गोष्टीची. 2017 पासून कांदळवन कक्षाची एक योजना आहे, किनाऱ्यावरच्या गावांत कांदळवन सहव्यवस्थापन समित्या करायच्या, चिंबोरी पालन, कालवं, असे धंदे तिथल्याच लोकांना लावून द्यायचे. तिवर राखणाऱ्याला तिवरातून चार पैसे. गोव्याच्या मानशीचाच हिशोब झाला की हा! होल्डिंग पाँडला अशी समिती का नसावी? एक महापालिकेचा इंजिनीअर, एक वन विभागाचा, एक कोळीवाड्यातला, एक तळमजल्याचा, एक दुर्बीणवाला. गाळ कुठला काढायचा, तिवराचा कुठला पट्टा ठेवायचा, न्यायालयाकडे परवानगी मागायची तर नकाशा कोणता जोडायचा, हे त्यांनी एकत्र ठरवायचं. आणि झडपेवर एक पगारी माणूस, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर पाटीवर.

सोमवारी संध्याकाळी मी बाबांना झडप दाखवायला घेऊन गेलो. भरती चढत होती. गुडघे दुखतात तरी ते कठड्यापर्यंत गेले, वाकून बघत राहिले. झडप बंद झाली खरी, पण पूर्ण नाही. खालच्या कोपऱ्यात एक फांदी आणि सिमेंटची गोणी अडकली होती आणि वीतभर फटीतून खाडी आत येत होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, बहुतेक बांबू शोधत होते.

त्या फटीचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. तक्रार केली आहे, टोकन नंबरही तिथेच आहे. येत्या अमावस्येला उधाणाच्या वेळी आम्ही पुन्हा जाणार आहोत, तळमजलेवाले आणि मास्तर दोघंही यायला तयार झालेत. ज्यांच्या सेक्टरात असा तलाव आहे त्यांनी आपापली झडप बघून कमेंटमध्ये लिहा: मिटते का, आणि कोण बघतं.