रोशाचें तेल आणि औषधांचीं नांवें

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरीस धुळ्यास निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. कागदपत्रांइतकाच शब्द हाहि इतिहासाचा साक्षीदार होय, ही त्यांची दृष्टि महाराष्ट्रास परिचित आहे. वैद्यकाच्या प्रांतांत हा साक्षीदार तपासावयाचा झाल्यास जळगांव, धुळे व नंदुरबार मिळून होणाऱ्या जुन्या खानदेशाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सातपुड्याच्या उतरणीवर वाढणारें रोशाचें गवत त्या कामास पुरेसें आहे.

रोशा म्हणजे संस्कृत ग्रंथांतील रोहिष. कत्तृण हें त्याचेंच दुसरें नांव. आपल्या परसांतील गवती चहा हा त्याचा सगोत्र. पावसाळा सरला व गवत फुलोऱ्यास आलें कीं पूर्वीं डोंगरांतल्या ओढ्यांकांठीं भट्ट्या लागत. ओढाच कां, तर वाफ निववावयास वाहतें पाणी हवें. लोखंडी हंड्यांत गवत ठासून पाणी घालीत, झांकण लिंपीत आणि खालीं जाळ करीत. झांकणांतून निघालेली बांबूची नळी पाण्यांत बसविलेल्या भांड्यांत उतरे. वाफेबरोबर आलेलें तेल तेथें पाण्यावर तरंगे, तें काढून घेत. हें तेल दुखऱ्या सांध्यांवर चोळण्याचा प्रघात जुना आहे. परंतु त्याचा मोठा खप परदेशांत होता.

मुंबईच्या बाजारांत तें निमाडचें तेल म्हणून विकलें जाई. म्हणजे खानदेशाचें नांव पहिल्याच मुक्कामीं गळालें! तेथून तें तांबड्या समुद्रावरील बंदरांच्या वाटेनें तुर्कस्तानांत जाई व वास जुळता असल्यामुळें गुलाबाच्या महाग अत्तरांत भेसळीस उपयोगी पडे. युरोपांतील व्यापाऱ्यांस तें तुर्कांकडून मिळे आणि त्याचा वास त्यांना जिरेनियमच्या तेलासारखा वाटे. म्हणून त्यांनीं त्याचें नांव ठेविलें ‘तुर्की जिरेनियम तेल’. वस्तुतः तें तुर्कस्तानचें नव्हतें आणि जिरेनियमचेंहि नव्हतें. पुढें १८७१ सालीं ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील या गवताच्या तेलांतून त्याचा मुख्य सुगंधी घटक वेगळा काढला. त्याचें नांव पडलें जिरेनिऑल. बाजारांतील चूक अशा रीतीनें शास्त्राच्या परिभाषेंत कायमची जाऊन बसली. आज खुद्द गुलाबांत आढळणारा तोच घटकहि याच नांवानें ओळखला जातो.

घरच्या नांवांतहि घोटाळा होताच. रोशा कोवळा असतां मोतिया आणि जून झाला म्हणजे सोफिया, असा एके काळीं समज होता. आज हे एकाच गवताचे दोन निराळे प्रकार मानले जातात. त्यांच्या तेलांचे वास वेगळे आणि भावहि वेगळे.

तात्पर्य, औषधाच्या नांवास दोन प्रश्न विचारले पाहिजेत. वनस्पति कोणती, हा पहिला. आणि तिचें काय केलें, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर आपल्या वैद्यांनीं फार नेटकेपणें बांधून ठेविलें आहे. चरकसंहितेंत पांच मूळ कल्पना सांगितल्या आहेत. ओली वनस्पति पिळून निघतो तो स्वरस. वाटून होतो तो कल्क. उकळून गाळतात तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. थंड पाण्यांत रात्रभर भिजवून गाळतात तो हिम. आणि ऊन पाण्यांत घालून गाळतात तो फांट. गवती चहा उकळला तर काढा, नुसता कढत पाण्यांत टाकला तर फांट. स्वरस सर्वांत बलवान आणि फांट सर्वांत सौम्य, असा हा क्रम आहे. भट्टीवर वाफ निववून निघतो तो अर्क. सध्यां मात्र कोणत्याहि औषधी पाण्यास अर्क म्हणण्याची चाल पडली आहे.

‘सत्त्व’ या शब्दाचीहि तीच गत. गुळवेलीचें सत्त्व म्हणजे वेल ठेचून पाण्यांत कुसकरल्यावर तळाशीं बसणारा पांढरा सांका. तो बव्हंशीं पिष्टच. आजच्या गोळ्यांच्या बाटलीवर ‘सत्त्व’ असतें तें पुष्कळदां मद्यार्कांत किंवा पाण्यांत द्रव्य उतरवून आटविलेलें असतें. शब्द एकच, पण पदार्थ दोन, आणि मात्राहि अर्थातच दोन.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. करोनाच्या सांथींत घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. सहाहि जणांनीं गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाचा आक्षेप नेमका नांवाविषयींच होता: ही खरी गुळवेल कशावरून, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा कशावरून नसेल? पुढच्या वर्षीं अनेक रुग्णालयांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हां तपासलेल्या नमुन्यांत खरी गुळवेलच आढळली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचें उत्तर अचूक मिळालें, तरी किती घेतली, किती दिवस घेतली आणि घेणाऱ्याची प्रकृति कशी, हे प्रश्न उरतातच.

आमच्या घरचीच गोष्ट. गवती चहा संपला असें पाहून आमच्या एका आत्याबाई सांध्यांना चोळावयाच्या रोशाच्या तेलाचे थेंब चहांत घालावयास निघाल्या होत्या. “अरे, गवत तें गवतच, आणि सारें नैसर्गिक!” हें त्यांचें म्हणणें. चार पानांचा फांट आणि भारेच्या भारे गवतांतून उतरलेलें वाटीभर तेल यांतलें अंतर त्यांस समजावतां समजावतां चहा निवून गेला. ‘नैसर्गिक’ हा शब्द वरच्या दोन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर देत नाहीं. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर तर ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ अशा अर्थाची सूचना छापणें २०१६ च्या नियमांनीं बंधनकारक केलें आहे. परंतु ती बारीक अक्षरांत असते आणि ‘नैसर्गिक’ मोठ्या अक्षरांत. वाचकांनीं बारीक अक्षरें आधीं वाचावींत, आणि शंका आल्यास वैद्यास किंवा डॉक्टरास बाटलीच दाखवावी. नुसतें नांव सांगूं नये. नांवाचा भरंवसा किती धरावा, हें रोशाच्या तेलानें दाखविलेंच आहे.