ओजलान अटक निदर्शने (१९९९)

तुर्कस्तानविरुद्ध सशस्त्र लढा देणाऱ्या कुर्दिस्तान कामगार पक्षाचे (पीकेके) नेते अब्दुल्ला ओजलान यांना १५ फेब्रुवारी १९९९ रोजी नैरोबीत पकडून तुर्कस्तानात नेल्यावर परदेशस्थ कुर्दांनी केलेली निदर्शने. ऑक्टोबर १९९८ मध्ये सिरिया सोडावा लागल्यापासून ओजलान आश्रयासाठी मॉस्को, रोम असे भटकत होते. अखेर त्यांना नैरोबीतील ग्रीक राजदूतांच्या निवासस्थानी ठेवले गेले. तेथून विमानतळाकडे नेले जात असतानाच ते तुर्की पथकाच्या हाती पडले. ग्रीसने दगा दिला, या संतापाने १६ फेब्रुवारीला युरोपभरच्या ग्रीक वकिलातींत कुर्द घुसले. लंडनच्या वकिलातीबाहेर एका कोवळ्या मुलीने स्वतःला पेटवून घेतले. ती भाजली, पण वाचली.

१७ फेब्रुवारीला बर्लिनमध्ये सर्वाधिक रक्त सांडले. अटकेमागे इस्रायली गुप्तचरांचा हात असल्याच्या बातमीवरून जमाव इस्रायली वाणिज्य दूतावासात शिरला. इस्रायलने हा आरोप फेटाळला होता. सुरक्षारक्षकांच्या गोळीबारात तिघे त्याच दिवशी दगावले, चौथा पुढे मरण पावला.

या उठावाची मुळे जुनी होती. १९६१ च्या कामगार करारानंतर तुर्कस्तानातून जर्मनीत आलेल्यांत अनेक कुर्द होते. तुर्कस्तानातील १९८० च्या लष्करी उठावानंतर निर्वासितांची भर पडली. मायदेशात भाषेवरही बंधने सोसलेल्या या माणसांना मेड टीव्ही या उपग्रह वाहिनीने एकत्र बांधले होते. पीकेकेच्या हिंसेवर पांघरूण घालता येत नाही. तरी निदर्शकांची वेदना खरी होती.

या प्रकरणामुळे ग्रीसच्या तीन मंत्र्यांना पद सोडावे लागले. ओजलान यांना जून १९९९ मध्ये सुनावलेली फाशीची शिक्षा २००२ मध्ये जन्मठेपेत बदलली.