आजीचं पवित्र शास्त्र आणि अफझलगंजचा बाइंडर

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे. आमच्याकडे मुलीला मावशीकडून पवित्र शास्त्र द्यायची पद्धत. परवा तिचा पुण्याहून फोन आला, "मावशी, मराठीच घे, पण लेदरचं घे हं, रेक्झिन नको." हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग अफझलगंज आठवलं, ते आजवर कुठे लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहिते.

आमची आजी जालन्याची. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी 'बेथेल' नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, त्याला जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिली. आजीचे आजोबा त्या गावात वाढलेले. आजी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि लग्नानंतर मनमाड–काचीगुडा गाडीने हैदराबादला आली. नोकरी अफझलगंजला, उस्मानिया दवाखान्यात. मुसीच्या १९०८ च्या पुरात ज्या चिंचेच्या झाडाने दीडशेएक माणसं वाचवली, त्याच झाडाखाली बसून ती डबा खायची. ट्रंकेत दोन लुगडी आणि एक पुस्तक एवढंच आणलं होतं. पुस्तक म्हणजे पंडिता रमाबाईंचं बायबल.

हे पुस्तक आता फार कमी घरांत उरलं असेल. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून हे भाषांतर केलं. शब्द मुद्दाम सोपे ठेवले, कारण वाचणाऱ्या बाया शाळेत न गेलेल्या असणार हे त्यांना ठाऊक होतं. खिळे जुळवायचे, छापायचे हे कामही मुक्तीतल्याच बायकांनी केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पुस्तक पूर्ण होऊन बाहेर आलं १९२४ मध्ये. आजी म्हणायची, "माझं पुस्तक बायकांनी लिहिलं, बायकांनी छापलं. शिवण उसवली तर मीच घालीन." आणि ती घालायचीही, दाभण घेऊन.

पण १९७२ पर्यंत पुस्तकाचं पार सुटं झालं. बाबांनी ठरवलं, आईला चांगली बांधणी करून द्यायची. अफझलगंजला तेव्हा बस अड्ड्यामागच्या गल्ल्यांतून जिल्दसाज बसायचे. आसफिया ग्रंथालय जवळ, वकिलांची पुस्तकं, दुकानांच्या खातेवह्या, कुराणं, पोथ्या, सगळं तिथेच यायचं. मी नऊ वर्षांची, बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गेलेली. खळीचा आंबूस वास अजून आठवतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, हे मला तिथे कळलं. बाबांनी बकरीचं कातडं पसंत केलं, तपकिरी. वर सोनेरी अक्षरात 'पवित्र शास्त्र'. महिन्याचा पगार किती होता माहीत नाही, पण आईने नंतर बरेच दिवस तोंड फिरवलं होतं.

पुस्तक आलं तेव्हा गौळीगुड्यातल्या शेजारच्या काकू बघायला आल्या. "अगंबाई, चामड्याचं? देवाच्या पुस्तकाला?" त्यांचं गुरुचरित्र रेशमी फडक्यात, सोवळ्यात. आजी हसली. म्हणाली, "काकू, तुमच्या पोथीला पण कधीतरी असंच म्हणत होते." खरंच आहे ते. छापखान्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा तुपात शाई करून पोथ्या छापाव्या लागल्या. आणि गंमत म्हणजे मुंबईत पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी, दोघंही आधी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले होते. म्हणजे मराठी बायबल आणि काकूंच्या पोथ्या, दोन्ही तशा एकाच घरच्या.

हसणं दोन मिनिटं टिकलं. आजीने पहिलं पान उघडलं, मग शेवटचं. मग परत पहिलं.

बाइंडरने जुनी कोरी पानं काढून नवीन पांढरंशुभ्र अस्तर लावलं होतं. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजू मशिनवर कापल्या होत्या. समासातलं आजीचं बारीक लिखाण अर्धं तुटलं. आणि त्या काढलेल्या पानांवर घरातले सगळे जन्म होते. सुरुवात तिच्या स्वतःच्या नावाने, 'जन्म जालना, मोगलाई'. मग बाबांच्या आधीची दोन बाळं, जी वर्षाच्या आत गेली. त्यांची तारीख दुसरीकडे कुठेच नव्हती. बाबा सायकल काढून परत गेले. रद्दी आदल्या दिवशीच गेली होती.

आजी बाबांना एक शब्द बोलली नाही. रात्री नवीन अस्तरावर लिहायला बसली. बाबांची तारीख घातली. बाळांची नावं लिहिली आणि तारखेपुढे थांबली. "आठवतंय, पण खात्रीचं नाही," म्हणाली, आणि जागा रिकामी ठेवली.

ते कातडंही फार टिकलं नाही. हलकं कमावलेलं असावं. पंधरा-वीस उन्हाळ्यांत त्याचा तांबूस भुगा व्हायला लागला, हाताला लागायचा. शिवण मात्र आजही घट्ट आहे, हे त्या बाइंडरचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

म्हणून भाचीला म्हटलं, बाई, आधी वरून पाठ बघ, मग कव्हर. पानांचे दुमडलेले गठ्ठे वेगवेगळे दिसतात का? बांधणारे त्याला जुज म्हणतात, आणि जुजबंदी असेल तर पुस्तक टेबलावर उघडं पडून राहतं. उत्पत्तीचं पहिलं पानसुद्धा. नुसत्या गोंदाचं असेल तर ते मिटतं, जोर केला तर पाठ तडकते. बाराशे-चौदाशे पानांना गोंद पुरत नाही. शिवाय मराठीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. ओळींत जागा सोडावीच लागते, त्यामुळे आपलं पुस्तक इंग्रजीपेक्षा जाड होतं आणि पाठीवर भार जास्त. कागद पातळ असावा पण मागची अक्षरं डोकावू नयेत. आणि 'बॉन्डेड लेदर' लिहिलेलं असेल तर ते कातड्याचा चुरा गोंदात दाबून केलेलं असतं, त्यापेक्षा चांगलं रेक्झिन परवडलं. शेळीचं खरं, नीट कमावलेलं कातडं मिळालं तर उत्तमच, पण शिवण नसेल तर ते मढवलेली रद्दी.

शेवटी सिकंदराबादच्या बायबल हाउसमधून घेतलं. काळं रेक्झिन, शिवलेलं, लाल कडा. मग तसंच अफझलगंजला गेले. आता जिल्दवाले फार थोडे राहिलेत. एका म्हाताऱ्या मियांना म्हटलं, मागे आठ कोरी पानांचा एक जुज शिवून द्या. त्यांनी सवयीने पुस्तक मशिनकडे नेलं.

"काटना नक्को, मियां."

"बाजी, किनारे बराबर नहीं आते फिर."

"नक्को आने दो."

पानं थोडी पुढेमागे राहिलीत, दिसतात. काल रात्री पहिल्या ओळीत आजीचं नाव लिहिलं, जालना, मोगलाई. खाली दोन बाळं, तारखेची जागा तशीच. मग बाबा, मग आम्ही भावंडं. भाचीच्या नावाखाली पाच पानं कोरी आहेत. लेदर नाही म्हणून ती रुसेल थोडी.