‘वसंतसेना’ : म्हैसूर संस्थानातील हरवलेला मूकपट

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकावर आधारित ‘वसंतसेना’ हा मूकपट मोहन भवनानी यांनी दिग्दर्शित केला होता. १९३१ च्या या चित्रपटाचे चित्रीकरण तत्कालीन म्हैसूर संस्थानात झाले. कन्नड नाटककार टी. पी. कैलासम यांनीही त्यात भूमिका केली होती. उज्जयिनीची गणिका वसंतसेना आणि निर्धन झालेला चारुदत्त यांची ही प्रेमकथा गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांना सुपरिचित आहे.

मंगळूर येथे जन्मलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांचा सहभाग हे या चित्रपटाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय. प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांनी पडद्यावर येणे त्या काळी निषिद्ध मानले जात असे. कमलादेवींनी १९२६ मध्ये मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढविली होती आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला होता. अशा स्त्रीने गणिकेच्या कथेवरील चित्रपटात काम करणे ही साधी घटना नव्हती.

दुर्दैवाने टिकून राहिलेल्या मूकपटांत ‘वसंतसेना’चा समावेश नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः उरलेल्यांची संख्या तीसच्याही आत आहे. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही असे आणि दमट हवेत तिचा भुगा होई. तिच्यातील चांदी मिळविण्यासाठीही अनेक प्रती नष्ट करण्यात आल्या. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट प्रदर्शित झाल्यानंतर मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही.

नायिका एनाक्षी रामराव यांचा अभिनय मात्र आजही पाहता येतो, तो ‘शिराज’ (१९२८) या दुसऱ्या मूकपटात. फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शित आणि हिमांशु राय निर्मित या चित्रपटात त्यांनी मुमताज महल साकारली होती. निर्मितीत ब्रिटिश व जर्मन कंपन्यांचा सहभाग असल्याने त्याची फिल्म ब्रिटनमध्ये जतन झाली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिचे पुनरुज्जीवन केले आणि २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह लंडनमध्ये तो दाखविण्यात आला. ‘वसंतसेना’ला परदेशातील असा आसरा लाभला नाही. एनाक्षी पुढे भवनानींशी विवाहबद्ध झाल्या आणि भारतीय नृत्यावरील ग्रंथाच्या लेखिका म्हणूनही ओळखल्या गेल्या. भवनानी स्वतः स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे प्रमुख झाले. परंतु पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत असंख्य जुन्या प्रती नष्ट झाल्या होत्या.

याच कथेवर गिरीश कर्नाड यांनी १९८४ मध्ये ‘उत्सव’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात वसंतसेनेची भूमिका रेखा यांनी केली. कन्नडमधील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये झाले होते. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही.