गावाची खोली आणि मुंबईची नोकरी

कोकणातल्या आपल्या घरांत ‘मुलगा मुंबईला गेला’ याचा अर्थ बराच काळ ‘मुलगा खोलीवर गेला’ असाच होता. डोंगरी, माझगाव या भागांत गावागावांच्या जमातींनी खोल्या घेतल्या होत्या. भिंतीला लावलेल्या ट्रंका, रांगेने गुंडाळलेले बिछाने आणि महिन्याची ठरलेली वर्गणी. बोटीतून उतरलेला पोरगा पेटी घेऊन थेट तिथे जायचा. काम कुठे शोधायचे, हा प्रश्न त्याला पडतच नसे. आधीच शहरात असलेल्या माणसांनी त्याचे उत्तर तयार ठेवलेले असे.

आमच्या आजोबांना ‘तुम्हाला नोकरी कशी लागली?’ असे विचारले की ते सारंगाचे नाव सांगत. कंपनीचे नाव त्यांना आठवून सांगावे लागे. यात नवल नाही. वाफेच्या जहाजांच्या जमान्यात गोऱ्या कप्तानाची गाठ एका सारंगाशी पडे आणि बाकीचे खलाशी सारंग आणी. तो ते आणणार कुठून? आपल्या गावातून, नात्यातून, ओळखीतून. म्हणून मुंबईच्या जहाजांवर कामांची वाटणीही मुलखावार झाली. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, भटारखान्यात आणि उतारूंच्या दिमतीला गोव्याचे ख्रिस्ती. गोवेकरांच्या धोबीतलावच्या कुडी आणि आपल्या खोल्या या एकाच व्यवस्थेच्या दोन शाखा होत्या.

ही व्यवस्था प्रेमळ होती, तशी महागही होती. सारंगाला आणि दलालाला दस्तुरी द्यावी लागे. बेकारीच्या महिन्यांत खोलीतले कर्ज वाढे आणि पुढच्या सफरीचा पगार आधीच गहाण पडे. 1920 साली जिनिव्हा नव्हे, जिनोआ इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशी भरतीतली दलाली बंद व्हावी असा करार केला. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या समितीनेही 1922 मध्ये दलालांऐवजी सरकारी भरती कचेरी असावी असे सांगितले. पण कचेरी उघडली तरी सिफारस सुटली नाही. पुढे 1958 च्या कायद्याने नोकरी मिळवून देण्याबद्दल पैसे घेणे गुन्हा ठरवले. हे लिहून ठेवण्याची गरज पडली, यातच सगळे आले.

गिरण्यांत सारंगाच्या जागी मुकादम होता. कामावर घेणे, काढणे, बदलीला उभे करणे, अडीनडीला उसने देणे, सगळे त्याच्या हातात. 1929 ते 1931 या काळात व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली आणि 1935 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आली. मुकादमाचे वजन घटले, पण संपले नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या लिखाणात ती सहसा येत नाही. गिरणीत चांगली मजुरी साळखात्यात, म्हणजे मागांवर. तिथे मराठे होते आणि मुसलमान विणकर होते. मदनपुऱ्यातले उत्तर हिंदुस्थानी मोमीन त्यांत मोठ्या संख्येने होते. दलितांना मात्र तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, हे कारण दिले जाई. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढे रोखठोक मांडला. विटाळाचे कारण मुसलमानाच्या तोंडी कसे शोभेल? इस्लाममधल्या बराबरीवर आपण जलसे भरवतो. पण मागावरच्या माणसाने आपला भाचा आणला, भाच्याने आपला मेहुणा आणला, आणि दार कोणी लावले हे न कळता ते लागलेलेच राहिले. त्यासाठी कोणाचा द्वेष करावाच लागतो असे नाही. फक्त आपल्याच माणसाला कळवायचे, एवढे पुरते.

तेच दार नंतर आपल्याला बाहेरून पाहावे लागले. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. जहाजांवर माणसे कमी लागू लागली. 1973 नंतर तेलाचा भाव वाढला तेव्हा आखाताने हात दिला खरा, पण तिथेही व्हिसा पाठवणारा मामू किंवा चुलतभाऊच होता. खोली कुवेत आणि दुबईला हलली, एवढाच फरक. मग 1992-93 च्या दंगली झाल्या आणि मिश्र वस्तीतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. जिवाची सुरक्षितता मिळाली, त्याबद्दल कोणी नावे ठेवू नयेत. पण बँकेत कारकून असलेला शेजारी गेला आणि जागा निघाल्याची बातमी त्याच्याबरोबर गेली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली बोस्टनजवळच्या एका गावातल्या नोकरदारांची पाहणी मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली, ते जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी खबर दिली होती. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक आहे. आपली खोली म्हणजे सगळी जवळचीच माणसे.

ओळख नसेल तर अर्ज करावा, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. 2007 मध्ये निष्कर्ष आला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश. दलित नावालाही कमीच, दोन तृतीयांशाच्या आसपास. साळखात्याबाहेर उभा असलेला आणि आज लिफाफ्यातच अडकलेला, दोघे एका रांगेत आले.

आमच्या गावाची खोली अजून आहे. दोन म्हातारे खलाशी तिथे राहतात, बाकी ट्रंका आहेत. माझ्या भाच्याने पदवीनंतर पाठवलेल्या अर्जांची यादी वहीत लिहून ठेवली होती. त्यातल्या एकाही अर्जाला उत्तर आले नाही. शेवटी जिथे लागला, ती जागा त्याला कॉलेजातल्या एका मित्राने कळवली. बौद्ध कुटुंबातला मुलगा, दोन वर्षे भेट नव्हती, कल्याणला फलाटावर अचानक दिसला. भाचा पहिला पगार घेऊन खोलीवर सलाम करायला गेला, तेव्हा म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारले, “कोणी लावलं रे तुला?” त्याने मित्राचे नाव सांगितले. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “त्याला एकदा जेवायला घेऊन ये.”